अंगणातल्या गाडीला लाइट

"त्याला विचार, लाइट कुठून घ्यायची," हे मला म्हणाले.

'त्याला' म्हणजे जनार्दनला, ह्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाला. तो आमच्यापासून चार हातांवर, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. ह्यांच्या खांद्यावर जाड काळ्या केबलचं वेटोळं, मागे ती पांढरी गाडी आणि दोघांच्या मधोमध मी. जनूभावजींना ऐकू गेलं नसेल असं मानायचं तर ते ठार बहिरे असायला हवे होते.

तरी मी विचारलं, "भावजी, लाइट कुठून घ्यायची?"

"वहिनी, दादाला सांगा, माजघराच्या खिडकीतून वायर आत सोड म्हणावं. मेनच्या खाली मोठा प्लग आहे. पूर्वी पिठाची चक्की होती ना, तिचा."

मी ह्यांच्याकडे वळले. "माजघराच्या खिड..."

"ऐकलं," हे म्हणाले आणि केबल उलगडायला लागले.

आमच्या पुतणीच्या, केतकीच्या लग्नातली ही गोष्ट. आता तिचा मुलगा शाळेत जातो, पण त्या चार दिवसांतलं अक्षर न् अक्षर माझ्या लक्षात आहे. कारण माणसाने हट्टी किती असावं याला काही सुमार असतो असं मी तोवर समजत होते.

ह्यांनी गावच्या घराची पायरी चढायची नाही असं ठरवून टाकलं होतं, त्याला चौदा-पंधरा वर्षं झाली होती. सासूबाई गेल्या तेव्हा हे पुण्याहून येईपर्यंत घरच्यांनी थांबायला हवं होतं. थांबले नाहीत. हे राजापूरची बस पकडून, पुढे एका टेम्पोत उभ्याने प्रवास करत गावी पोचले, तेव्हा स्मशानातून परतलेली माणसं विहिरीवर आंघोळी करत होती. हे अंगणातूनच मागे फिरले. अग्नी भावाने दिला याबद्दल तक्रार नव्हती, आईला अग्नी धाकट्याने द्यायचा ही आमच्याकडची रीतच. "मला तिचं तोंड पाहू दिलं नाही," एवढं एकच वाक्य हे बोलायचे आणि त्यावर कोणी काही बोललं की उठून जायचे.

गंमत म्हणजे पुतणीशी वैर नव्हतं. केतकी कॉलेजला पुण्यात आली ती सरळ आमच्या घरी राहिली, चांगली पदवी घेऊन गेली. ह्यांचा तिच्यावर इतका जीव की तिला रिक्षा मिळेपर्यंत हे रस्त्यावर उभे. तिने लग्नाची पत्रिका हातात ठेवली आणि म्हणाली, "काका, तुम्ही नसाल तर मी अंतरपाटासमोर उभीच राहणार नाही. तुम्हाला माहिताय मी कशी आहे." आठवडाभर हे ती पत्रिका उघडून बघत होते. मग एक दिवस तोडगा घेऊन आले. लग्न अंगणातल्या मांडवात, जेवणं मांडवात. राहता राहिली झोपायची आणि आंघोळीची सोय. ह्यांच्या पेठे नावाच्या मित्राने एक टेम्पो ट्रॅव्हलर आतून पार बदलून घेतली होती. तिच्यात दोन पलंग, ओटा, चिमुकला फ्रीज, एसी आणि ज्याला न्हाणीघर म्हणावं की कपाट असा प्रश्न पडेल असा एक कोपरा. अशा गाड्या घेऊन लोक समुद्रकिनारी मजा करायला जातात. आमचे हे ती घेऊन भावाच्या अंगणात मुक्कामाला निघाले.

"आणि लाइट?" मी विचारलं होतं. ह्यांचं इन्शुलिन गारव्यात ठेवावं लागायचं, आणि मे महिन्यात आमच्या उघड्या कातळाच्या सड्यावर एसीशिवाय त्या पत्र्यात झोपणं म्हणजे भाजूनच निघणं.

"लाइट त्याच्या घरातून घेऊ."

"म्हणजे पायरी चढायची नाही, पाणी प्यायचं नाही, पण लाइट घ्यायची?"

"लाइट सरकारची असते," हे म्हणाले.

पेठ्यांनी लाइट जोडायचं सगळं शास्त्र ह्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. आधी गाडीतलं सगळं बंद करायचं. मग जिथून लाइट घ्यायची तिथला मेन पाडायचा. केबल पूर्ण उलगडायची, वेटोळं तसंच ठेवलं तर तापतं. आधी गाडीच्या बाजूचं टोक बसवायचं, मग घराच्या बाजूचं, आणि सगळ्यात शेवटी मेन वर. सोडताना बरोबर उलटं. हे आयुष्यभर कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढत होते, त्यामुळे असलं क्रमवार काही मिळालं की ह्यांची कळी खुलते.

तर पहिल्या संध्याकाळी आम्ही ती लाइट जोडली. हे गाडीपाशी, जनूभावजी आत मेनपाशी, आणि मी पायरीपासून गाडीपर्यंत टपाल वाहतेय. "पाडला का विचार." "पाडला सांगा." "टोक बसवलं सांग." "आतलं बसवतो सांगा." तिसऱ्या खेपेला माझी चप्पल तुटली. शेवटी मेन वर गेला, गाडीतला फ्रीज गुरगुरला आणि एसीचं वारं सुटलं. केतकी पडवीच्या कठड्यावर हनुवटी टेकून हा सगळा प्रकार बघत होती. दोन दिवसांनी लग्न असलेल्या मुलीचा चेहरा असा नसावा.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, समोरासमोर आले की बोलतील."

मलाही तेच वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी त्या गाडीत बसले ती त्याच एका आशेवर. दोघांचीही साठी उलटलेली. हे लग्न हुकलं तर पुढचं निमित्त कोणतं असेल याचा विचार मला करवत नव्हता.

रात्री शालनने, माझ्या जावेने, घावन आणि नारळाचा रस गाडीत आणून दिला. ह्यांनी चार घावन खाल्ले. म्हणजे भावजयीच्या हातचं चालतं, घरात बसून खाल्लेलं चालत नाही. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून अनवाणीच खाली उतरले. शालनने नुकतंच अंगण सारवलं होतं, जमीन ओलसर होती. जरा फुलं काढून आणावीत म्हणून गेले आणि परत येऊन गाडीच्या दाराची मूठ धरली तर हाताला झिणझिण्या आल्या. मी हात मागे घेतला. परत लावला. परत मुंग्या, पार कोपरापर्यंत.

"अहो, गाडीला करंट आहे."

हे रबरी सपाता घालून चहा पीत बसले होते. खाली उतरून दाराला हात लावला. "काही नाही. तुला भास होतो."

"सपाता काढा आणि लावा."

ह्यांनी कपाळाला आठ्या घालून सपाता काढल्या, ओल्या सारवणावर पाय ठेवला, मूठ धरली आणि हात झटकला. "अरेच्चा!" मग टेस्टर आणला. गाडीच्या पत्र्याला लावल्याबरोबर त्यातला दिवा तांबडा झाला. गाडीच्या यंत्रांतून थोडी वीज पत्र्यात झिरपत असते, ती अर्थिंगमधून जमिनीत निघून जायला हवी, ती जात नव्हती. उद्या ह्याच अंगणात दोनशे माणसं येणार, त्यातली अर्धी अनवाणी, पोरं तर गाडीला लोंबकळणारच. ह्यांचा चेहरा उतरला.

"केबलच्या टोकातली अर्थिंगची तार सुटली असणार. उघडून बघतो. त्याला मेन पाडायला सांग."

मी पायरीशी गेले. भावजी आत सुपाऱ्या निवडत बसले होते. "भावजी, हे म्हणतायत मेन पाडा."

"पाडतो." खटका वाजला. स्वयंपाकघरात मिक्सरचा आवाज अर्ध्यावर बंद पडला. "पाडला सांगा."

मी अंगणात येऊन म्हटलं, "पाडला." ह्यांनी गाडीच्या बाजूचं टोक उपसलं, पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि टोक उघडून खाली उकिडवे बसले. मी फुलांची परडी घेऊन बाजूला झाले.

इकडे आत काय झालं ते मला मागाहून कळलं. आचाऱ्याचं नारळाचं वाटण मिक्सरमध्ये निम्मं अडकलेलं, वर टाकीत चढणारं पाणी थांबलेलं. शालन ओरडली, "अहो, लाइट का घालवलीत? सगळं खोळंबलंय माझं!" भावजींनी थोडा वेळ वाट पाहिली. बाहेरून काही आवाज येईना. मेन कशासाठी पाडायचा, किती वेळ, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. झालं असेल दादाचं काम, असं त्यांना वाटलं. त्यांनी मेन वर केला.

फट्दिशी आवाज झाला आणि निळसर उजेड चमकला. स्क्रू-ड्रायव्हर उडून मांडवाच्या खांबाला लागला. हे मागच्या मागे सारवणावर बसले.

मी किंचाळले की नाही ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की जनूभावजी पायऱ्या न उतरता पडवीच्या कठड्यावरून उडी मारून आले. साठी उलटलेला माणूस, कमरेचा पंचा सुटायला आलेला, पाय अनवाणी.

"दादा!"

त्यांनी ह्यांच्या दोन्ही हातांना धरलं, एकेक बोट उलटून सुलटून पाहिलं. अंगठ्याजवळ काळा डाग होता, बाकी काही नव्हतं. मुठीचं प्लॅस्टिक मध्ये आलं म्हणून वाचले.

"तू चालू का केलंस?" हे म्हणाले. इतक्या वर्षांत भावाला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मला काय माहीत तुझे हात तारेत आहेत ते! मला सांगितलंस?"

"हिला सांगितलं होतं."

"वहिनींना काय सांगतोस! वहिनी आल्या, पाडा म्हणाल्या, मी पाडला. माझ्या फॅक्टरीत असं कोणी केलंन् असतं तर मी कानाखाली वाजवली असती. काजूच्या भट्टीवर काम करणाऱ्या बायकांना पण ठाऊक आहे ते. ज्याचा हात तारेत, त्यानेच हाक द्यायची, आणि मेनवरच्याने त्यालाच उत्तर द्यायचं. मध्ये माणूस चालत नाही ह्यात! कळ्ळं? चालतच नाही!" त्यांचा आवाज फाटला. "मारलं असतं रे मी तुला. माझ्या हाताने."

हे अंगठ्यावरचा डाग चोळत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "तुला सांगून तरी काय झालं असतं? तेव्हा सांगितलं होतंच की."

"तेव्हा म्हणजे?"

"आई गेली तेव्हा. निरोप मिळाला तसा निघताना गावातल्या दुकानावर फोन केला होता मी. आबाकाकांनी घेतला. म्हटलं, निघालोय, कितीही वेळ होऊ दे, मी पोचेपर्यंत थांबा. काका म्हणाले, सांगतो जनूला."

आबाकाका म्हणजे ह्यांचे चुलते, घरातले तेव्हाचे कर्ते. त्यांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

भावजी ह्यांच्यापुढे उकिडवे बसले होते ते खाली टेकलेच. "दादा, काका मला म्हणाले, पुण्याला निरोप ठेवलाय, पण उलट फोन नाही. मी तीनदा विचारलं. म्हणाले, त्याचा काही पत्ता नाही, माणसं खोळंबलीत, दिवस मावळायच्या आत आटपायला हवं. मी बाहेर पडवीत जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिलो, तर काकांनी हाताला धरून आत आणलंनी."

"तुला सांगितलंनी नाही?"

"आईची शपथ."

"मग नंतर विचारलं का नाहीस?"

"तू विचारलंस? तू अंगणात आलास, आरडाओरडा केलास आणि निघून गेलास. मला वाटलं, ज्याला निरोप धाडायला जमलं नाही तो वर मलाच बोलतो. मला पण राग आला."

आबाकाकांनी तसं का केलं ते आता कोण सांगणार? वाईट माणूस नव्हता. गावातली माणसं सकाळपासून उपाशी बसलेली, त्यांची दया आली असेल. पण त्यांनी मध्ये बसून जे ठरवलं त्यापायी दोन भावांची इतकी वर्षं वाया गेली, आणि माझा संताप संताप झाला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, मी मनसोक्त रागावले.

हे उठले, धोतराचा काष्टा झटकावा तशी पँट झटकली आणि म्हणाले, "केबल ठीक आहे. तार घट्ट आहे आतली. दोष तुझ्या अर्थिंगमध्ये आहे."

"असणार. पूर्वी न्हाणीचं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात जायचं. आता फरशीची बाथरूम केली, पाणी नळीने लांब जातं. खड्डा कोरडा ठाक पडलाय. खाली कातळच तो, त्यात ओल कुठून येणार?"

"मग पाणी ओतायला हवं."

"मीठ पण."

घरामागच्या त्या खड्ड्यापर्यंत दोघं मागेपुढे चालत गेले. ह्यांनी रहाट धरला, भावजींनी बादल्या वाहिल्या. मे महिन्याची विहीर, कळशी तळाला घासत होती. पहिली बादली त्या खड्ड्याने अशी गिळली की ओल दिसेना. दुसरी, तिसरी, तेच. शालन मागच्या दाराला आली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, लग्नघरात मी पाणी पुरवून पुरवून वापरत्ये आणि तुम्ही दोघं ते जमिनीत ओतताय? आणि हे काय, माझं लोणच्याचं मीठ!"

"पोरांना शॉक बसायला हवाय का तुला?" भावजी म्हणाले.

"शालन, एक बादली अजून," हे म्हणाले. ते शालनशी थेट बोलत होते आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. शालनच्या आलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली, आणि स्वतःच पिंपातली घागर भरून आणून दिलीन्.

खड्डा वर ओला दिसायला लागल्यावर परत जोडणी. जळलेला फ्यूज बदलला. हे गाडीपाशी, भावजी आत मेनपाशी. मी आपली सवयीने पायरीकडे निघाले.

"तू तिथेच थांब," हे म्हणाले. मग घसा साफ केला. मांडवातली माणसं, आचारी, हातांना मेंदी लावून बसलेली केतकी, सगळ्यांनी माना वळवल्या. ह्यांना नुसती हाक मारायला इतका वेळ लागला की मला वाटलं, आता परत माझ्याकडेच वळतात.

"जनू! बंद आहे?"

आतून उत्तर आलं. "बंद आहे!"

"टोक बसवलं मी."

"आतलं बसवलं. दादा, हात काढलास?"

"काढला."

"लांब झालास? पुरता?"

"झालो रे."

"देऊ?"

"दे!"

खटका वाजला. फ्रीज गुरगुरला. हे सपाता काढून ओल्या सारवणावर उभे राहिले आणि पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग मूठ धरली, दोन्ही हातांनी धरली, आणि धरून उभे राहिले. केतकी कठड्यामागे रडत होती. मेंदी भरलेली, त्यामुळे डोळे पुसता येईनात, शेवटी मीच जाऊन पुसले.

लग्न छान झालं. मला सांगायला आवडेल की त्या दिवशी हे धावत घरात शिरले, पण तसं काही झालं नाही. बोलणं सुरू झालं एवढंच, तेही कामापुरतं. "पंगत वाढायला घ्यायची का?" "भटजी आले का?" गौरीहर आत पुजलेला होता. केतकीला वाटत होतं, काकांनी तिथे येऊन डोक्यावर हात ठेवावा. हे पायरीशी येऊन थांबले, एक पाय उचलल्यासारखा केला आणि म्हणाले, "बाळ, इथेच ये." तीच मुंडावळ्या सावरत बाहेर आली. राग उरला नव्हता हे मला कळत होतं. मग काय अडवत होतं ते मात्र कळत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "तुला नाही समजायचं." मी चिडून म्हटलं, "मग समजावून सांगा." तर गाडीत जाऊन झोपले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघणार होतो. केतकी सासरी गेलेली, मांडव निम्मा सोडलेला. शालनने फणसाच्या साटांचं पुडकं, कोकमं, कुळथाचं पीठ असं सगळं गाडीत भरलं. मी पलंगावरच्या चादरी घडी केल्या. हे एकेक बटण बंद करत होते. एसी, फ्रीज, दिवे, गाडीचा मेन. दोघं बोलले खरे, पण आता पुण्याला गेलो की दिवाळीला एक फोन, गणपतीला एक फोन, आणि ह्यांनी घर न पाहताच राहायचं.

हे उतरून केबलपाशी गेले. "जनू! मेन पाड!"

"पाडला! काढ!"

हे वाकले, केबलच्या टोकाला हात लावणार तोच थांबले.

"नक्की बंद आहे?"

"बंद आहे रे दादा. मी इथे उभाच आहे. कोणाला हात लावू देत नाही."

हे सरळ उभे राहिले. "मी बघून घेतो."

शालनचे हात थबकले. आतून भावजी म्हणाले, "काय बघतोस?" आवाजात थोडं दुखावलेपण होतं.

"स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नाही काढणार," हे म्हणाले, आणि चालायला लागले.

पायरीशी त्यांनी सपाता काढल्या. पहिली पायरी, दुसरी, पडवी. माजघराच्या उंबऱ्यावर चौकटीला धरून क्षणभर उभे राहिले आणि आत गेले. मी हातातलं कुळथाचं पुडकं तसंच धरून गाडीपाशी उभी होते. केबल जिथून आत गेली होती ती खिडकी उघडीच होती, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"हो. बंद आहे," हे म्हणाले.

"म्हटलं ना मी."

पण हे बाहेर आले नाहीत.

"जनू, तिला कुठे ठेवली होतीत?"

"इथे. ह्या खिडकीशी. शेवटी शेवटी तिला वारा लागत नाही म्हणायची, म्हणून खाट इथे आणली होती. मग खाली घेतली ती पण इथेच."

"कशी दिसत होती?"

भावजींचा आवाज आला तो पार बसलेला. "तोंड लहान झालं होतं. नाकावर चष्म्याच्या खुणा होत्या दोन, गेल्या नव्हत्या. शालननं केस विंचरलंन् नीट. डोळे मीच मिटले. तोंड जरासं उघडं राहिलं होतं, तुझं राहतं ना झोपल्यावर, तसं."

"सगळं सांग."

"सगळं?"

"सकाळपासून सांग. मला काहीच माहीत नाही रे."

"बस मग इथे. उभा किती राहशील?"

पाट ओढल्याचा आवाज आला. शालन पडवीत आली, तिचे डोळे भरून आले होते. कठड्यावरून वाकून मला खुणावलं. "वहिनी, आत जाऊन बघा हो. दोघं रडतायत."

"रडू देत," मी म्हटलं. "आपण मध्ये नको."

ती पायरीवर बसली, मी गाडीच्या दारात बसले. केबल तशीच खिडकीतून आत गेलेली होती. ती काढायची कोणालाच घाई नव्हती. निम्म्या सोडलेल्या मांडवात ऊन भरून आलं तरी आतून जनूभावजींचाच आवाज येत होता, एकसुरी, थांबत थांबत. आणि ते थांबले की ह्यांचा एकच शब्द ऐकू यायचा.

"मग?"